हात धर

आमच्या घरी देवाचे उपकार मार खाऊन मोजले जायचे. तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! पण खोटं सांगून मला आता काय मिळणार आहे?

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आबा, म्हणजे आमचे वडील, मला आणि माझ्या धाकट्या भावाला समोर बसवायचे. दोघांच्या ताटलीत बारा-बारा भाजलेले शेंगदाणे. एक शेंगदाणा म्हणजे एक महिना. जानेवारीपासून सुरुवात करायची, त्या महिन्यात देवाने आपल्यावर कोणता उपकार केला तो मोठ्याने सांगायचा आणि दाणा तोंडात टाकायचा. चर्चच्या मंडळीतल्या लोकांना याचं केवढं कौतुक! पोरांना उपकार मानायला शिकवावं तर असं, म्हणायचे. त्यांना नियम ठाऊक नव्हते. मागच्या वर्षीचा उपकार परत सांगायचा नाही, 'अन्नवस्त्र दिलं' असलं मोघम चालायचं नाही, आणि अडखळायचं तर मुळीच नाही. अडखळलं की पट्टा.

भाऊ सहा वर्षांचा होता तेव्हा ऑगस्टवर अडकला. सहा वर्षांच्या पोराला ऑगस्टमधलं काय आठवणार, कप्पाळ? आबांनी पट्टा उजव्या हाताला गुंडाळला. बक्कल बाहेरच्या बाजूला राहिलं होतं. पहिल्याच फटक्यात त्याची भुवई फुटली आणि रक्त ताटलीतल्या उरलेल्या दाण्यांवर सांडलं. आबा म्हणाले, "सप्टेंबर." त्याने ते दाणे तसेच खाल्ले आणि डिसेंबरपर्यंत सगळे उपकार सांगितले.

आम्ही तेव्हा दीपनगरच्या वसाहतीत राहायचो. आबा वीज केंद्रात फिटर होते. दोरीवरच्या कपड्यांवर राख बसायची, आणि आई ते झटकता झटकता मला म्हणायची, "देवावर टाक." आईच्या समोरच्या दाताचा तुकडा उडालेला होता, पाठीवर वळ होते, आणि तोंडात हे एकच वाक्य. देवावर टाक आणि करंज्या लाट. देवावर टाक आणि वेणी घालून घे, चर्चला उशीर होतोय. मला इतका राग यायचा! सगळं देवावर टाकायचं, तर मग आबांनी त्यांचा राग का नाही टाकायचा देवावर?

दुसऱ्या दिवशी भुसावळच्या चर्चमध्ये जाताना तिने भावाच्या भुवईवर हळद दाबली आणि त्याला पढवलं, "कोणी विचारलं तर पडनू म्हण." पडनू म्हणजे पडलो. आमचं मूळ गाव भडगावकडचं, घरात बोली खान्देशी. लोकांनी विचारलं, त्याने सांगितलं, "पडनू." पुढे तो शाळेतही तेच सांगायचा. ओठ सुजला, पडनू. कानातून रक्त आलं, पडनू. त्याचे मास्तर म्हणायचे, हा पोरगा चालतो तरी कधी?

मी आठ वर्षांची असताना रविवारच्या शाळेत बाईंनी प्रत्येकाला एकेका वाक्याची प्रार्थना करायला सांगितली. माझी पाळी आली. मी डोळे गच्च मिटले आणि म्हणाले, "देवा, आमच्या आबांचा हात धर."

बाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. आमच्यात हे प्रार्थनेतलं नेहमीचं बोलणं आहे ना, प्रभू माझा हात धर, मला वाट दाखव. त्यांना वाटलं, केवढं गुणाचं लेकरू, बापासाठी देवाचा आधार मागतंय. उपासना संपल्यावर त्यांनी आबांना सगळ्यांसमोर सांगितलं. आबांची छाती फुगली. परतताना त्यांनी मला पावशेर जिलेबी घेऊन दिली. मी वाटभर जिलेबी खात होते आणि मनात म्हणत होते, अहो बाई, वाट दाखवायला नाही हो! उठलेला हात वरच्या वर पकडायला सांगितलं मी देवाला!

त्या आठवड्यात गुरुवारपर्यंत मार नव्हता. गुरुवारी आईला होता.

आई गेली. आबा निवृत्त होऊन गावाकडे राहायला गेले. भावाने भडगावात संसार मांडला, तिथे तो शेतीच्या औषधांच्या दुकानात कामाला आहे. मी धुळ्याला देवपुरात घर घेतलं. इथल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. लग्न केलं नाही. एका पुरुषाचा हात पाहिला तेवढा पुरे झाला. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एकाही पोरावर हात उगारलेला नाही. जीभ तिखट आहे, ती चालवते, हात नाही. पालक म्हणतात, बाई ओरडतात पण मारत नाहीत. मला त्याचा फार अभिमान होता.

मग आबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. तोच हात, पट्ट्याचा. बोलणंही गेलं, थोडे शब्द उरले, तेही जाड जिभेने आणि निव्वळ खान्देशीत. भावाच्या दोन खोल्यांत त्याचीच माणसं मावत नव्हती. मी म्हणाले, "मी नेते." भाऊ रडायला लागला. मंडळीत सगळे म्हणाले, ताईंचं मन केवढं मोठं! मन मोठं, चुलीत गेलं मन. खरं सांगू? मला त्यांना लाचार झालेलं बघायचं होतं. पाणी मागताना, चड्डी बदलून घेताना. हे मी तेव्हा स्वतःलाही कबूल केलं नव्हतं.

पहिली चापट पावसाळ्यात मारली. त्यांनी औषधाची गोळी माझ्या तोंडावर थुंकली होती. माझा हात गेला आणि त्यांच्या गालावर बसला, फाट्कन. किती हलकं वाटलं मला! सांगायला जीभ रेटत नाही, पण वाटलं. नंतर मी मोरीत जाऊन ओकले. आठ दिवसांनी पुन्हा मारलं, आणि त्या वेळी ओकले नाही.

दिवाळीपर्यंत ते सवयीचं झालं. खांद्याला धरून गदागदा हलवायचं, दंडाला चिमटा काढायचा, केस विंचरताना फणी डोक्यात रुतवायची. सकाळी शाळेत जाऊन पोरांना शुद्धलेखन घालायचं आणि घरी येऊन बापाला बुकलायचं. रोज प्रार्थना करत होते, तीही मनापासून. आबाही माझ्या आवाजाला आमेन म्हणायचे. ज्यांनी मारलं त्यांच्या आमेनवर मी वाढले होते, आता ते माझ्या आमेनवर जगत होते.

मागच्या वर्षीचा डिसेंबर उजाडला आणि सगळं एकदम अंगावर आलं. शाळेचं स्नेहसंमेलन, त्यात माझ्याकडे चाळीस पोरांचा नाच. चर्चमध्ये गाण्यांची तालीम. घरात धूळ, दारावर चांदणी लावायची, फराळ करायचा, आणि नेमकी आबांचं बघणारी बाई लग्नाला म्हणून शिरपूरला गेली ती येईचना. त्यात निरोप आला की तेवीस तारखेला संध्याकाळी गायन मंडळी आमच्याकडे येणार. म्हणजे चर्चचे पाळक, तरुण पोरंपोरी, ढोलकी, झांज, घरोघर फिरून नाताळची गाणी म्हणतात ते. वीस माणसांचा फराळ हवा. भाऊ म्हणाला, "अक्का, मी पण येतो त्या दिवशी. आबांसोबत उपकार मोजू, लहानपणीसारखे." लहानपणीसारखे! माणूस काय काय विसरू शकतो!

तेवीस तारखेला दुपारी मी करंज्या तळत होते. आबांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली होती, डोळ्यासमोर असावेत म्हणून. लाटून भरलेल्या चाळीसेक करंज्या दाराजवळच्या टेबलावर पेपरवर मांडून ओल्या फडक्याखाली ठेवल्या होत्या. कढईत तेल कडकडीत तापलेलं. आबा काहीतरी घों-घों करत होते, माझं लक्ष नव्हतं. मला वाटलं, पाणी हवं असेल, देते जरा वेळाने. त्यांनी डाव्या हाताने पेपरचं टोक पकडलं आणि ओढलं. सगळ्या करंज्या जमिनीवर. सारण फरशीभर. आणि खुर्चीखाली लघवीचं थारोळं, ते त्याच सारणाकडे वाहत चाललेलं.

ते तेच सांगत होते मघापासून. हे मला नंतर कळलं.

माझ्या हातात झारा होता, तेलातून नुकताच काढलेला. मी तो तसाच त्यांच्या डाव्या मनगटावर हाणला. चर्र झालं. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. मी दुसऱ्यांदा उगारला. त्यांनी डावा हात कोपरात वाकवून तोंडावर घेतला, डोकं खांद्यात घातलं आणि डोळे मिटले.

तो पवित्रा मला ठाऊक होता. मी बारा वर्षं तसाच हात घेत होते.

माझ्या हातून झारा गळाला. मी त्यांच्या मनगटावर पाणी ओतलं, मलम लावलं, फरशी पुसली, त्यांचे कपडे बदलले. मनगटावर झाऱ्याच्या भोकांची नक्षी उमटली होती, गोल गोल ठिपके, मध्ये लालभडक कातडं. मी त्यांना लांब बाह्यांचा स्वेटर घातला आणि बाही तळहातापर्यंत ओढली. मग उरलेल्या पिठाच्या पुन्हा करंज्या केल्या. हो, केल्या! वीस माणसं यायची होती ना. मी कातण्याने एकेक करंजीची कड कापत होते. डोक्यात एकच होतं, कोणाला कळता कामा नये. कळलं तर शाळा गेली, मंडळीतलं नाव गेलं, भाऊ गेला. आणि त्याच्या खाली आणखी एक होतं, ते जास्त वाईट होतं. कळलं नाही तर उद्या मी पुन्हा मारीन. परवा उकळतं काहीतरी ओतीन. मला स्वतःची भीती वाटत होती.

संध्याकाळी भाऊ आला. आबांच्या पाया पडला, शेजारी बसला. सात वाजता गायन मंडळी आली. दारातच ढोलकी वाजायला लागली, गाणी झाली, पोरांनी करंज्यांवर ताव मारला. पाळक तरुण आहेत, उत्साही. भावाने त्यांना आमच्या घरची रीत सांगितली, तर ते खूशच झाले. म्हणाले, "आबांपासून सुरू करू या!" मी ताटलीत बारा शेंगदाणे आणून ठेवले. पाळक आबांसमोर गुडघे टेकून बसले आणि प्रार्थनेसाठी त्यांनी आबांचा हात धरला. डावा.

आबा कळवळले. बाही वर सरकली.

"आबा, हे काय झालं?" पाळकांनी विचारलं. ढोलकीवाला पोरगा वाकून बघायला लागला. खोलीत वीस माणसं आणि सगळ्यांची नजर त्या ठिपक्यांवर.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग जिभेवर जोर देऊन एक शब्द बाहेर काढला. "पडनू."

कोणाला काही कळलं नाही. एक मावशी म्हणाल्यासुद्धा, "अरेरे, जपायला पाहिजे बाई म्हाताऱ्या माणसाला." पण भावाची मान गर्रकन वळली. तो शब्द त्याचा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, त्याच्या भुवईवरचा तो जुना पांढरा व्रण ताणला गेला होता, आणि मला कळलं की याला कळलं.

त्याक्षणी मी गप्प बसले असते तर निभावलं असतं. भावाने चारचौघांत तोंड उघडलं नसतं, आमच्या घरात ती शिकवणच नव्हती. आई गप्प बसायची त्याला देवावर टाकणं म्हणायची. मला वाटलं, आता मी पण टाकते एकदा देवावर. पण माझ्या पद्धतीने.

"पडले नाहीत ते," मी म्हणाले. "मी मारलं. दुपारी. तापलेल्या झाऱ्याने. आणि ही पहिली खेप नाही."

झांज हातात धरलेल्या मुलीच्या तोंडात करंजी होती, ती तशीच राहिली. भाऊ उठला. दोन ढांगांत माझ्यापाशी आला, माझा खांदा पकडून भिंतीवर आपटला आणि ओरडला, "लाज नाही वाटली? लुळ्या माणसावर? अक्का, तू?" त्याने हात उगारला. उजवा हात, वर, मागे नेलेला, अगदी आबांसारखा. मी कोपर तोंडावर घेतलं. पन्नाशी उलटलेली बाई मी, वीस माणसांसमोर.

फटका आला नाही. पाळकांनी झेप घेऊन त्याचा हात वरच्या वर धरला होता. "भाऊ, नको. भाऊ, नको," एवढंच म्हणत होते. मी कोपराच्या आडून पाहिलं. पलीकडे खुर्चीत आबांनीही कोपर तोंडावर घेतलेलं होतं. त्यांना वाटलं, त्यांनाच पडणार. आम्ही बापलेक समोरासमोर, सारखेच. भावानेही पाहिलं ते, आधी मला, मग त्यांना. त्याचा हात पाळकांच्या हातात ढिला पडला आणि तो मट्कन खाली बसला.

दाराबाहेरच्या चांदणीचा दिवा उघडझाप करत होता. मग आबांनी कोपर खाली घेतलं. भाजलेल्या हाताने ताटलीतला एक दाणा उचलला, तो दोनदा सुटला, तिसऱ्यांदा धरला. पाळकांना वाटलं, जानेवारीचा उपकार सांगणार. त्यांनी डोळे मिटले, म्हणून सगळ्यांनी मिटले. मी नाही मिटले.

"देवा," आबा म्हणाले. लाळ गळत होती, शब्द घशातून खरवडून येत होते. "मना हात धरा नही तू. आते हिना धर."

माझा हात धरला नाहीस तू. आता हिचा धर.

म्हणजे यांना कळलं होतं! रविवारच्या शाळेतल्या बाईंना कळलं नाही ते या माणसाला तेव्हाच कळलं होतं. जिलेबी घेऊन देताना कळलं होतं, गुरुवारी आईला मारतानाही कळलेलंच होतं. इतकी वर्षं माझी ती प्रार्थना पोटात घेऊन हा माणूस मारत राहिला होता. मला संताप आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. मी हुंदके देत खाली बसले. आमेन कोणीतरी म्हणालं, कोण ते आठवत नाही.

गायन मंडळी पुढच्या घरी गेली नाही. मावशींनी चहा टाकला. भाऊ माझ्याशी बोलला नाही, पण मुक्काम केला आणि आबांना स्वतः भरवलं. दुसऱ्या दिवशी पाळक परत आले आणि आम्ही तिघांनी बसून ठरवलं. दर महिन्यात दहा दिवस आबा भडगावला. इथे असताना मंडळीतलं कोणीतरी रोज एक तास घरी येऊन बसणार, अगदी न चुकता, माझी इच्छा असो की नसो. आणि माझा हात उठला की मी त्याच दिवशी भावाला फोन करून सांगायचं. शाळेत मी हेडबाईंना स्वतः सांगितलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मला वर्गावर ठेवलं, पण आता त्या अधूनमधून माझ्या वर्गाच्या दारात उभ्या राहतात. राहू देत.

मी तिला माफ केलं, असं आबा कधी म्हणाले नाहीत. मीही म्हणाले नाही. उपकार मानायला मात्र मी पुन्हा शिकतेय, पट्ट्याशिवाय. उठलेला हात कोणीतरी धरायला समोर असणं हा केवढा उपकार आहे, ते आईला कधी मिळालं नाही म्हणून मला नीट कळतं.

हे लिहितेय तेव्हा पुन्हा डिसेंबर आहे. कढईत तेल तापत ठेवलंय, आबा बाहेरच्या खोलीत आहेत, त्यांच्याजवळ मावशी पेपर वाचत बसल्यात. उद्या संध्याकाळी भाऊ येईल आणि आम्ही दाणे घेऊन बसू. जानेवारी ते मे माझा हात धरलेला राहिला. जूनमध्ये सुटला, एक चापट. मी रडत भावाला फोन केला, तो संध्याकाळच्या एसटीने आला आणि आबांना घेऊन गेला, वीस दिवस ठेवून घेतलं. जूनच्या दाण्याला मी ते सांगणार आहे.

आज सकाळी त्यांचे केस विंचरायला मी फणी उचलली. त्यांचा डावा हात तोंडावर गेला, अजून जातो. मी फणी खिडकीत ठेवली आणि मागे हात बांधून उभी राहिले. बराच वेळ लागला. त्यांनी डोळे उघडून फणी कुठे आहे ते पाहिलं, माझे हात कुठे आहेत ते पाहिलं, मग हात खाली घेतला आणि डोकं माझ्याकडे केलं.

डिसेंबरचा दाणा त्याचा.